वशिला, खटपट आणि चरित्रकार : सर जॉन माल्कमच्या पत्रव्यवहाराचे एक वाचन

प्रास्ताविक

महाबळेश्वरच्या बाजारपेठेला माल्कमपेठ हे नाव ज्याच्यामुळे मिळाले, तो सर जॉन माल्कम (१७६९–१८३३) मराठी वाचकाला प्रामुख्याने दोन प्रसंगांमुळे परिचित आहे. १८१८ च्या जूनमध्ये अशीरगडाच्या परिसरात दुसऱ्या बाजीरावाने त्याच्या स्वाधीन होऊन वार्षिक आठ लाखांचे वर्षासन पत्करले, हा पहिला प्रसंग. १८२७ ते १८३० या काळात त्याने केलेला मुंबई इलाख्याचा कारभार हा दुसरा. या दोहोंमध्ये सुमारे नऊ वर्षांचे अंतर आहे. या अंतराचा बराचसा भाग माल्कमने एका अपेक्षेत घालवला : प्रांताची सर्वोच्च जागा आपल्याला मिळावी, आणि त्यासाठी स्नेह्यांनी आपला शब्द खर्च करावा.

या अपेक्षेचा सर्वांत तपशीलवार दस्तऐवज म्हणजे जॉन विल्यम के याने लिहिलेले व १८५६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेले माल्कमचे चरित्र होय. त्यात चरित्राबरोबर पत्रव्यवहारही समाविष्ट आहे. या ग्रंथाकडे साम्राज्याच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहिले जाते. परंतु महत्त्वाकांक्षेचे कथन कसे करावे, या वाङ्मयीन प्रश्नाच्या दृष्टीने त्याचा विचार फारसा होत नाही. प्रस्तुत लेखात तो प्रश्न घेतला आहे. मुख्य प्रतिपादन असे की, पदासाठी खाजगीत केलेल्या प्रयत्नांना हा चरित्रकार आणि स्वतः चरित्रनायक एक शब्दसंग्रह वापरतात, तर हेच प्रयत्न पुण्याच्या वा इंदूरच्या दरबारात झाले की त्यांना दुसराच शब्दसंग्रह लागू होतो. या दोन शब्दसंग्रहांतील अंतर मोजल्याशिवाय माल्कमच्या गुणांचेही यथार्थ मूल्यमापन होत नाही.

‘पोलिटिकल’ जागा आणि तिचे दरवाजे

कंपनीच्या परिभाषेत ‘पोलिटिकल’ या शब्दाला विशिष्ट अर्थ होता. देशी संस्थानांशी वाटाघाटी, वकिलाती, रेसिडेन्सी हा सारा व्यवहार ‘पोलिटिकल’ खात्याचा. ‘पोलिटिकल एजंट’ हा शब्द पुढे मराठीत रुळला तो याच अर्थाने. पलटणीतील अधिकाऱ्याची बढती सेवाज्येष्ठतेच्या संथ क्रमाने होई; पोलिटिकल जागा मात्र निवडीने मिळत. त्यामुळे हुशार, भाषा जाणणाऱ्या आणि पुरेसे कुलवैभव नसलेल्या तरुण अधिकाऱ्याला पलटणीतून पोलिटिकल खात्यात जाणे हाच उत्कर्षाचा जवळचा मार्ग होता.

स्कॉटलंडमधील बर्नफूटच्या एका शेतकरी कुटुंबातील सतरा अपत्यांपैकी एक असलेला माल्कम या वर्णनात नेमका बसतो. मामाच्या ओळखीने वयाच्या तेराव्या वर्षी कंपनीच्या लष्करात त्याची निवड झाली आणि १७८३ मध्ये तो मद्रासला आला. म्हणजे त्याच्या कारकिर्दीची पहिली पायरीच वशिल्याची होती. यात काही गैर झाले असे तेव्हा कोणालाही वाटले नाही, कारण कंपनीची नोकरी मिळण्याचा दुसरा मार्गच अस्तित्वात नव्हता. सनदी नोकरीसाठी स्पर्धापरीक्षा सुरू झाली ती १८५५ मध्ये. तोपर्यंत नेमणूक ही संचालकांची जवळजवळ वैयक्तिक मालमत्ता होती.

वरच्या जागांची वाट अधिक अवघड होती. १७८४ च्या कायद्यानंतर कंपनीचे चोवीस संचालक आणि ब्रिटिश मंत्रिमंडळाचे नियंत्रण मंडळ अशी दुहेरी सत्ता निर्माण झाली होती. गव्हर्नरपदाच्या उमेदवाराला दोन्ही दरवाजे ठोठवावे लागत. एका दरवाजाशी ओळख असणे पुरेसे नव्हते. कधीकधी तीच ओळख दुसऱ्या दरवाजाशी अडचणीची ठरे. अशा व्यवस्थेत अर्ज नावाची वस्तू फारशी उपयोगाची नसते. तेथे पत्र लागते, आणि पत्र पोचवणारा मित्र लागतो.

चरित्रकाराने रचलेले कथानक

के हा स्वतः बंगालच्या तोफखान्यातील माजी अधिकारी होता. १८४४ मध्ये त्याने ‘कलकत्ता रिव्ह्यू’ हे नियतकालिक सुरू केले आणि पुढे १८५८ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलच्या जागी लंडनच्या कचेरीत पोलिटिकल खात्याचा सचिव झाला. ज्या यंत्रणेचे तो वर्णन करतो तिच्यातच तो वाढला होता. म्हणून माल्कमच्या पदाकांक्षेबद्दल तो लाजत नाही, ती झाकतही नाही. हा त्याच्या लेखनाचा गुण आहे. मात्र त्या आकांक्षेला तो एक ठरावीक कथानक देतो : गुण, विलंब, निराशा आणि शेवटी न्याय.

या कथानकाचे बीज माल्कमच्या तारुण्यातील एका आठवणीत आहे. पोलिटिकल खात्यातील एक दुय्यम जागा रिकामी असल्याचे कळताच तो ती मागण्यास धावला. पण थोडक्या वेळाच्या फरकाने ती दुसऱ्याला मिळाली होती. तंबूत परतून तो निराशेने रडला. पुढे कळले की, ती जागा मिळालेला अधिकारी नेमणुकीच्या दरबारी पोचताच मारला गेला. या योगायोगात ईश्वरी योजनेचा हात दाखवला जातो आणि चरित्रात ही आठवण बोधकथेसारखी येते. तिचा परिणाम लक्षणीय आहे. जागा मागणे हे कृत्य त्यामुळे नैतिक परीक्षणाच्या बाहेर जाते. उरतो तो केवळ धीर धरण्याचा धडा. जागा कोणत्या निकषावर दिली जाते, ‘आधी पोचणे’ हाच निकष का, हे प्रश्न दैवाच्या पडद्याआड जातात.

१७९८ चा प्रसंग अधिक बोलका आहे. लॉर्ड वेलस्ली गव्हर्नर-जनरल म्हणून कलकत्त्यास जाताना मद्रासला थांबला, तेव्हा माल्कमने देशी राज्यांविषयी लिहिलेली काही टिपणे त्याच्यापुढे ठेवली. त्याच वर्षी हैदराबादच्या रेसिडेंटचा साहाय्यक म्हणून त्याची नेमणूक झाली. येथे वशिला आणि गुणवत्ता यांची सरमिसळ कशी होती ते स्पष्ट दिसते. टिपणांत अभ्यास होता, फार्सीचे ज्ञान होते. पण ती योग्य वेळी योग्य हातात पडली नसती तर त्या अभ्यासाला वाचा फुटली नसती. गुण असल्याने ओळख मिळाली, की ओळख मिळाल्याने गुण दिसला, याचे उत्तर के एका बाजूने देतो. पत्रव्यवहार मात्र दोन्ही बाजूंनी बोलतो.

मर्जीची किंमत : ग्वाल्हेर, १८०४

मर्जीवर मिळालेल्या पदाची परीक्षा मतभेदाच्या वेळी होते. १८०३ च्या अखेरीस सुर्जी-अंजनगावचा तह झाल्यावर ग्वाल्हेरचा किल्ला कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला. तहातील शब्द दोन्ही बाजूंनी लावता येण्याजोगे होते. लॉर्ड वेलस्लीला किल्ला शिंद्यांना देणे मान्य नव्हते. शिंद्यांच्या दरबारी असलेल्या माल्कमचे मत उलट पडले : संशयाचा फायदा शिंद्यांना देण्यातच कंपनीची पत आहे. वेलस्लीचा धाकटा भाऊ आर्थर, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याचेही मत तसेच होते. गव्हर्नर-जनरलने माल्कमवर तीव्र नाराजी व्यक्त केली.

हा प्रसंग माल्कमच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष देतो. ज्याच्या मर्जीवर आपले भवितव्य आहे त्याला न रुचणारे मत त्याने मांडले. केवळ पदासाठी झुरणाऱ्या माणसाने असे केले नसते. परंतु याच प्रसंगाची दुसरी बाजूही आहे. मतभेद धोरणाचा होता, पण माल्कमला झालेले दुःख एखाद्या घरच्या माणसाने टाकल्याचे दुःख होते. जेथे वरिष्ठ हा आश्रयदाता असतो तेथे वेगळे मत म्हणजे कृतघ्नता ठरते. १८०५ च्या नोव्हेंबरात नव्या तहाने ग्वाल्हेर शिंद्यांकडे परत गेले आणि तो तह ठरवण्याचे काम माल्कमकडेच होते. तोवर वेलस्ली हिंदुस्थान सोडून गेला होता. १८११ मध्ये माल्कमने हिंदुस्थानच्या राजकीय इतिहासावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वेलस्लीच्या धोरणाचे हिरिरीने समर्थन आहे. ते समर्थन अप्रामाणिक होते असे म्हणण्यास आधार नाही. मात्र ते ऋणमुक्त नव्हते, एवढे म्हणता येते. माल्कमच्या ग्रंथरचनेचा विचार करताना हे विसरून चालत नाही : त्याचे ग्रंथ हे त्याच्या खाजगी पत्रांचे सार्वजनिक रूप आहेत. पत्रांतून तो मित्रांना स्वतःविषयी सांगतो, ग्रंथांतून राज्यकर्त्यांना.

१८१९ : मित्राकडून मात

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या सैन्याचा पराभव झाला. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला. जूनमध्ये बाजीराव शरण आला. या तिन्ही घटनांत माल्कमचा वाटा मोठा होता. मुंबईच्या गव्हर्नरपदासाठी इंग्लंडातून कोणी बडा माणूस पाठवण्याऐवजी हिंदुस्थानात सेवा केलेल्यांपैकी एकाला निवडावे, असे नियंत्रण मंडळाचा अध्यक्ष जॉर्ज कॅनिंग याने सुचवले व तीन नावे पुढे केली : माल्कम, टॉमस मन्रो आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. संचालकांनी एल्फिन्स्टनला पसंती दिली. तो माल्कमपेक्षा दहा वर्षांनी लहान होता, त्याचा स्नेही होता. १ नोव्हेंबर १८१९ रोजी त्याने सूत्रे हाती घेतली. लवकरच मद्रासचे गव्हर्नरपद मन्रोकडे गेले. तिघांपैकी दोघांना प्रांत मिळाले. उरला तो माल्कम.

या निराशेचे केने केलेले चित्रण त्याच्या ग्रंथातील उत्तम पानांपैकी आहे. माल्कम रागावतो, आपल्यावर कनिष्ठाला बसवले म्हणून दुखावतो, आणि तरीही एल्फिन्स्टनशी त्याचा स्नेह तुटत नाही. त्याचे मन मोठे होते यात शंका नाही. परंतु एल्फिन्स्टनची निवड योग्य होती की नव्हती, हा प्रश्न चरित्रात तोलून पाहिला जात नाही. नव्याने जिंकलेल्या पेशवाईच्या मुलखाची घडी बसवण्याचे काम एल्फिन्स्टन त्या वेळी पुण्यात करीतच होता. त्या मुलखाचा समावेश असलेला इलाखा त्याच्याकडे देणे हे अकारण नव्हते. येथे जुन्या व्यवस्थेतूनही एक समर्थनीय निवड झाली होती. पण वाचकाचे लक्ष नाकारलेल्या उमेदवाराच्या भावनेवर खिळवल्यामुळे हा मुद्दा सुटतो. नेमणूक ही नायकाला देय असलेली वस्तू आहे, असे कथानकाने एकदा गृहीत धरले की, प्रजेला देय काय होते हा विचार मागे पडतो.

त्यानंतर माल्कमने मध्य हिंदुस्थानचा स्वतंत्र लेफ्टनंट-गव्हर्नर होण्याची कल्पना मांडून पाहिली; ती फळाला आली नाही. १८२२ मध्ये तो इंग्लंडला परतला. वेलिंग्टनचा पाठिंबा त्याला होता. पण मंत्रिमंडळातील मित्राचा शब्द संचालकांच्या दारात पुरेसा पडत नसे. अखेर एल्फिन्स्टन निवृत्त झाल्यावर, १ नोव्हेंबर १८२७ रोजी, बरोबर आठ वर्षांनी, मुंबईची जागा त्याला मिळाली.

दोन शब्दसंग्रह

आता दुसऱ्या बाजूकडे वळता येईल. १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयीच्या ग्रंथात माल्कमने मराठी दरबारांचे विस्तृत वर्णन केले आहे. त्यात कारभाऱ्यांची हुशारी त्याला मान्य आहे. पण त्यांच्या वाटाघाटी, मध्यस्थ्या, पदासाठीची धडपड यांचे वर्णन येते ते कपट आणि कारस्थान या अर्थाच्या शब्दांनी. पेशव्यांच्या दरबाराविषयी त्याच्या पिढीतील इंग्रज अधिकारी याच भाषेत लिहितात. १७९६ मध्ये बाजीरावाला गादी मिळाली ती शिंदे, नाना फडणीस आणि इतरांच्या उलटसुलट मसलतींतून. म्हणून ते कारस्थान. १८१९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर ठरला तो कॅनिंग, संचालक आणि उमेदवारांचे स्नेही यांच्या खाजगी पत्रव्यवहारानंतर. त्याला मात्र ‘वजन’, ‘स्नेह’, ‘सेवेची कदर’ असे शब्द.

मराठी भाषेला ही दुहेरी मोजपट्टी ओळखता येते, कारण तिच्याकडे या व्यवहाराच्या छटा दाखवणारे शब्द आहेत. ‘शिफारस’ उघड असते, ‘रदबदली’ दुसऱ्यासाठी केलेली असते, ‘वशिला’ हा मुळात साधन या अर्थाचा शब्द, ‘खटपट’ स्वतःची असते आणि ‘कारस्थान’ दुसऱ्याचे असते. ‘राजकारण’ हा शब्द जुन्या पत्रांत वाटाघाट आणि गुप्त मसलत अशा दोन्ही अर्थांनी येतो. राजवाडे, खरे, पारसनीस यांनी प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांमुळे मराठी अभ्यासकाला वकिलांची खाजगी पत्रे वाचण्याची सवय झाली आहे. धन्याची मर्जी, मध्यस्थाचा भरवसा, प्रतिस्पर्ध्याविषयीची सावध तक्रार, आपल्या जुन्या सेवेचे स्मरण : ही त्या पत्रांची नेहमीची सामग्री. तीच सामग्री माल्कमच्या पत्रांत आहे. लिपी आणि मायने वेगळे, व्यवहार ओळखीचा.

तथापि, दोन्ही व्यवहार एकच होते, असा सोपा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. दोन फरक महत्त्वाचे आहेत. पहिला, पराभूत उमेदवाराला येथे जीवाचे भय नव्हते. एल्फिन्स्टन गव्हर्नर झाला म्हणून माल्कम कैदेत गेला नाही. तो मध्य हिंदुस्थानचा कारभार पाहत राहिला आणि नंतर ग्रंथ लिहीत बसला. पुण्यातील सत्तास्पर्धेत हरणाऱ्याच्या वाट्याला किल्ल्यावरची कैद येत असे. दुसरा, नेमणूक मिळालेल्यावर लेखी हिशेब देण्याचे बंधन होते आणि त्याच्या निर्णयांची वरून चिकित्सा होई. बाजीरावाला दिलेले आठ लाखांचे वर्षासन अवाजवी असल्याची टीका माल्कमला सोसावी लागली. बाजीराव १८५१ पर्यंत जगला, त्यामुळे ती रक्कम एकूण अडीच कोटींच्या वर गेली. हे फरक संस्थांचे आहेत, माणसांच्या स्वभावाचे नाहीत. माल्कमच्या पिढीने ते स्वभावाचे मानले, एका समाजाला सचोटी जन्मजात आणि दुसऱ्याला कपट जन्मजात ठरवले. के हाच समज पुढच्या पिढीकडे पोचवतो, आणि येथेच त्याच्या ग्रंथाची मर्यादा आहे.

या संदर्भात माल्कमच्या माळव्यातील एका सवयीचा उल्लेख आवश्यक ठरतो. आपल्या निवासाचे चारही दरवाजे गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्याला खुले असतात, याचा त्याला अभिमान होता. १८२१ मध्ये हाताखालच्या अधिकाऱ्यांसाठी त्याने लिहिलेल्या सूचनांतही लोकांना सहज भेटण्यावर भर आहे. खुल्या दरवाजामुळे मध्यस्थाचे महत्त्व संपते, हे त्याला नीट कळले होते. मध्यस्थाविना ज्याचे स्वतःचे पाऊल कधी पुढे पडले नव्हते, त्यानेच हे ओळखावे, हा विरोधाभास खरा. पण कदाचित कारणही तेच असावे.

खाजगी पत्र चव्हाट्यावर

मुंबईतील कारकिर्दीत या पत्रसंस्कृतीची कसोटी लागली. १८२८ मध्ये मोरो रघुनाथ या पुण्यातील अल्पवयीन मुलाच्या ताब्यावरून मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाने हुकूम काढला. मुंबई शहराबाहेरील रयतेवर न्यायालयाचा असा अधिकार चालत नाही, अशी भूमिका घेऊन माल्कमच्या सरकारने त्याची अंमलबजावणी रोखली. दोन सहकारी न्यायाधीशांच्या मृत्यूनंतर एकटा उरलेला सर जॉन पीटर ग्रँट हटला नाही. १८२९ मध्ये त्याने न्यायालयच बंद केले. त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय सरकारच्या बाजूने गेला.

दरम्यान नियंत्रण मंडळाचा अध्यक्ष लॉर्ड एलनबरो याने माल्कमला एक खाजगी पत्र पाठवले होते. ग्रँटच्या दोन्ही बाजूंना सरकारला अनुकूल न्यायाधीश नेमले जातील आणि मग दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये सापडलेल्या रानहत्तीसारखी त्याची गत होईल, असा त्याचा आशय होता. हे पत्र सरकारी कागदांत मिसळले गेले आणि तेथून वृत्तपत्रांत पोचले. मोठा गदारोळ झाला. पत्रातील कल्पना नवी नव्हती. नेमणुकी अशाच ठरत. नवे होते ते तिचे उघड होणे. आयुष्यभर खाजगी पत्रांच्या बळावर वर आलेल्या माणसाच्या दप्तरातूनच असे पत्र फुटावे, याहून बोलका पुरावा त्या व्यवस्थेविरुद्ध शोधावा लागत नाही. न्यायाधीशाची नेमणूकही मर्जीची बाब असेल तर न्यायाला स्वतःचे असे काही उरत नाही.

इंग्लंडला परतल्यावर १८३१ मध्ये माल्कम लॉन्स्टन मतदारसंघातून पार्लमेंटात गेला. हा मतदारसंघ ड्यूक ऑफ नॉर्थंबरलंडच्या मुठीतला होता. अशा मतदारसंघांवर गदा आणणाऱ्या सुधारणा विधेयकाला माल्कमने विरोध केला. त्यात विसंगती नव्हती.

समारोप

माल्कमला केवळ पदलोभी ठरवणे हा त्याच्यावर अन्याय होईल. त्याची विद्वत्ता खरी होती, ग्वाल्हेरच्या प्रकरणातील निर्भीडपणा खरा होता, रयतेला खुला ठेवलेला दरवाजा खरा होता. परंतु ज्या व्यवस्थेत गुणाला मित्राच्या मुखानेच बोलावे लागते, तेथे गुणी माणसाचे आयुष्यही पत्रे लिहिण्यात आणि उत्तराची वाट पाहण्यात खर्च होते. ज्यांना असा मित्र नव्हता त्यांचे चरित्र कोणी लिहिले नाही, म्हणून त्यांच्यात गुण होते की नव्हते हे कळण्याचा मार्गही उरला नाही. के याच्या ग्रंथातील खरी उणीव ही अनुपस्थितांची आहे. निवड आणि शिफारस यांच्याशी ज्या कोणत्याही संस्थेचा संबंध येतो, तिला हा प्रश्न जुना वाटण्याचे कारण नाही.

माल्कमच्या १८२३ च्या ग्रंथात अहिल्याबाई होळकरांचे आदराने रेखाटलेले चित्र आहे. त्यात एक प्रसंग येतो. एका ब्राह्मणाने अहिल्याबाईंच्या स्तुतिपर ग्रंथ लिहून त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, आपण या स्तुतीस पात्र नाही असे म्हटले, ग्रंथ नर्मदेत टाकण्यास सांगितले आणि ग्रंथकर्त्याची पुढे दखल घेतली नाही. माल्कमने हा प्रसंग कौतुकाने नोंदवला. मर्जीच्या आशेने लिहिलेला ग्रंथ म्हणजे काय, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? ज्या दरबारांना त्याने कारस्थानांचे घर म्हटले, त्यांपैकीच एका दरबारात स्तुतीला नदी दाखवणारी राज्यकर्ती होऊन गेली, ही नोंद त्याच्याच लेखणीतून आली आहे. त्याच्या पत्रव्यवहाराचा अर्थ लावताना ही नोंद शेजारी ठेवावी लागते.